उजवी पाकळी

आमच्या गावात देवाने शेवटचं 'नाही' म्हटलं ते सुलभाकाकींना. त्यांना मुलाला दुबईला पाठवायचं होतं. डावी पाकळी पडली, काकींनी पदराने डोळे टिपले आणि घरी जाऊन भरलेली बॅग रिकामी केली. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. पण घरात भांडण झालं नाही, कारण भांडणार कुणाशी? त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून देव सगळ्यांना होच म्हणत आला आहे.

कुणवडे हे कुडाळपासून तासाभरावरचं गाव. मधोमध रवळनाथाचं देऊळ आणि देवळाला लागून आमचं घर, कारण माझे सासरे, आबा, देवाचे गुरव. कौल लावायचं काम त्यांच्याकडे. ज्यांनी कौल कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस आपला प्रश्न घेऊन येतो. आबा देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्या माणसाची अडचण मोठ्या आवाजात देवाला समजावून सांगतात, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. मग आबा दोन तांबड्या पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या छातीवर अंगठ्याने चिकटवतात. एक देवाच्या उजवीकडे, एक डावीकडे. मग सगळ्यांनी गप्प बसून वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

माझी मुलगी पालवी बोलायला लागली ती या 'व्हय महाराजा'पासून. आईबाबा म्हणायच्या आधी ती हे म्हणायची, आणि तेही आबांचं वाक्य संपायच्या आत. लोक हसायचे. आबा गाऱ्हाणं थांबवून म्हणायचे, "वायच धीर धर गो बाय, देवाक ऐकाक तरी दी."

मी स्वतः मिरजेची. माझ्या माहेरी देवघर होतं, पण फ्रिजच्या वर. कॉलेजात मैत्रिणी देव आहे की नाही यावरून तावातावाने बोलायच्या तेव्हा मी म्हणायचे, मला माहीत नाही, आणि दोन्हीकडच्या माझ्यावरच चिडायच्या. लग्न होऊन इकडे आले आणि माझी मोठी सोय झाली. देव आहे की नाही हे मी ठरवायची गरज उरली नाही. आबांना माहीत होतं. मी घाबरट आई आहे. द्राक्षाचेही चार तुकडे करून देणारी. पालवीला ताप आला की मी औषधाचा डोस दोनदा तपासून द्यायची, आणि आबा तिच्या कपाळाला अंगारा लावायचे. खरं सांगते, आबांनी अंगारा लावल्यावरच मला झोप लागायची. देवाचं मला ठाऊक नव्हतं. पण देवापुढे उभे असलेले आबा मी रोज बघत होते, आणि माझं त्यावर भागत होतं.

माझा नवरा हर्षद मात्र पक्का नास्तिक. गुरवाचा मुलगा नास्तिक निघाला म्हणून गावाला कधी वाईट वाटलं नाही. "न्हाव्याचे केस वाढलेले असतत तसा ता," असं सुलभाकाकी म्हणायच्या. हर्षद पदार्थविज्ञानातला. त्याच्या संस्थेने आंबा-काजूच्या बागांसाठी एक यंत्र केलं होतं. पानावर फवारलेलं औषध किती वेळ टिकेल आणि कधी निथळून पडेल हे ते आधीच सांगायचं. तांदळाच्या दाण्याएवढे सेन्सर पानापानावर चिकटवायचे, ते ओल, उष्णता, वाऱ्याची झुळूक टिपत राहायचे, आणि लाखो थेंबांवर शिकलेला संगणक त्यावरून हिशेब मांडायचा. एका सुट्टीत त्याने गंमत म्हणून ते दाणे देवळात लावले.

त्याने मला समजावून सांगितलं ते असं. दगड आणि पाकळी यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ पापुद्रा असतो. तो जितका पातळ, तितकी पकड घट्ट. पाणी हळूहळू उडतं, कडेने हवा आत शिरते आणि एका क्षणी पाकळीचं वजन पकडीला जड होतं. बस, एवढंच. आमच्या गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीमागे विहीर आहे, त्यामुळे देवाची डावी बाजू ओलसर. उजव्या खांद्यावर सकाळी दारातून ऊन येतं. म्हणून साधारण सकाळी उजवी आधी सुटते आणि दुपारनंतर खाडीवरचं वारं फिरलं की डावी. ढग आले, गर्दी झाली, समया जास्त लावल्या, तर गणित बदलतं, पण संगणकाला तेही येतं. एक गोष्ट तेवढी त्याला सुरुवातीला माहीत नव्हती, ती म्हणजे आबांचा अंगठा. एखादी पाकळी क्षणभर जास्त दाबली तर पापुद्रा पातळ होतो आणि ती चिकटून राहते. म्हणजे आबांनी ठरवलं तर ते हवा तो कौल देऊ शकत होते.

दोन महिन्यांनी हर्षद चुलीपाशी बसलेल्या आबांना म्हणाला, "आबा, तुमचो आंगठो म्हणजे तराजू असा."

"म्हणजे काय रे?"

"दोनय पाकळ्यांवर तुमी एकसारखोच दाब देतास. शंभर कौल बघितले. कायच फरक नाय. तुमी कधी लबाडी केल्यात नाय, ह्या सिद्ध झाला."

"ता माका म्हायत होता," आबा म्हणाले. पण खूश झाले होते. अंगठा उताणा धरून त्यांनी जरा बघितला. मग विचारलं, "आणि देवान?"

"काय देवान?"

"देवान काय केल्यान?"

हर्षद हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, मी बघत होते. सोडवलेल्या गणिताखाली रेघ मारताना माणूस हसतो तसा. "देवान कायच केल्यान नाय, आबा. पाणी, ऊन आणि वारो. दर वेळी कुठची पडतली ता माका आदीच म्हायत होता."

आबांनी अंगठा मुठीत घेतला आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

हर्षदचा अंदाज असा होता की हे कळलं की लोक कौल सोडतील. म्हणून देवस्थान समितीच्या अध्यक्षांनी यंत्र मागितलं तेव्हा त्याने ते आनंदाने देऊन टाकलं. गाभाऱ्याच्या चौकटीवर एक छोटा दिवा बसला. उजवा कौल पडणार असेल तेव्हा हिरवा, डावा पडणार असेल तेव्हा तांबडा. फोनवरही दिसायचं.

लोकांनी कौल सोडला नाही. ते हिरव्या दिव्याला यायला लागले.

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मुहूर्त बघून लग्न करतो, तसा दिवा बघून कौल. "देव आता बँकेसारो झालो," सुलभाकाकी म्हणाल्या, "टायमात गेल्यार काम होता." त्यांनी स्वतः हिरव्या दिव्याला पुन्हा कौल लावून घेतला आणि मुलाला दुबईला पाठवला. गावात त्या वर्षी नऊ बोअर मारल्या गेल्या, सगळ्या देवाच्या होकाराने, आणि पाच कोरड्या गेल्या. तातू राणे आणि दिगू राणे या भावांमध्ये कुंपणाचा वाद होता. तातूने सोमवारी हिरव्या दिव्याला विचारलं, कुंपण फणसाच्या पलीकडून घालू? देव हो म्हणाला. दिगूने गुरुवारी विचारलं, अलीकडून घालू? देव हो म्हणाला. दोघेही देवाचा शब्द घेऊन कोयते परजत फणसाखाली उभे राहिले. तातूच्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत.

आबा रोज कौल लावत राहिले. पण गाऱ्हाण्याचा आवाज खाली आला. पूर्वी ते देवाशी भांडायचे, त्याला मस्का मारायचे, 'वाकडी वाट सरळ कर' म्हणून दटावायचे. आता पाढे म्हटल्यासारखं म्हणायचे. पालवी चौकटीपाशी उड्या मारायची, "आबा, हिरवा लागला! देव उठला!" तिला वाटायचं देव झोपतो आणि दिवा लागला की उठतो. एकदा तिने विचारलं, "आबा, देव नाही कधीच म्हणत नाही का आता?"

आबा म्हणाले, "जो असता तो नाय म्हणता, बाय."

ते मी ऐकलं. मी पडवीत कपडे घड्या करत होते. त्या रात्रीपासून मला झोप येईनाशी झाली, आणि मला कारण कळत नव्हतं. माझा तर देव नव्हताच. मग गेलं कुणाचं?

पालवीला पाचवं लागलं त्या महिन्यात बालवाडीत चित्र रंगवताना तिच्या हातातला खडू पडला. बाईंनी उचलून दिला, पुन्हा पडला. मग तिचे डोळे वर गेले.

गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात तिच्या डोक्याचे फोटो काढले. आत खोलवर रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता, जन्मापासूनचा. तो कधीही फुटू शकत होता, किंवा कधीच नाही. काढायचा तर ऑपरेशन नाजूक जागी होतं. डॉक्टर तिळवे म्हणून शांत बाई होत्या. त्यांनी सांगितलं की आता अंदाजाने बोलायचे दिवस गेले. पालवीच्या मेंदूची हुबेहूब नक्कल संगणकात केलेली आहे, रक्ताच्या थेंबापर्यंत. अशा हजारो पालवींवर संगणक ऑपरेशन करून बघतो, आणि हजारो पालवींना तसंच ठेवून पुढची वीस वर्षं चालवून बघतो.

"मग?" हर्षद पुढे सरकला. ही त्याची भाषा होती.

"दोन्हीकडे सारखं येतंय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन केलं तर जितक्या चांगल्या राहतात, तितक्याच न केल्यावर राहतात. आम्ही परत परत चालवून बघितलं. मी आई असते तरी मला सांगता आलं नसतं."

"त्यातल्या किती जणी मेल्या?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "असं नका बघू तुम्ही त्याच्याकडे."

पण मी तसंच बघत होते. ऑपरेशनच्या टेबलावरच्या प्रत्येक पालवीच्या अंगावर मला वेगळा फ्रॉक दिसत होता. बाहेरगावाहून येणारे सर्जन महिनाअखेरपर्यंतच होते. तोवर आम्ही हो किंवा नाही सांगायचं होतं. पाकळीचं आधी सांगणाऱ्या यंत्राला पोरीचं सांगता येत नव्हतं.

परतताना गाडीत पालवी मागे झोपली होती. मी मान वळवून तिचा श्वास बघत होते. हर्षद म्हणाला, "दोन्ही सारखं आहे याचा अर्थ एकच. आपण काहीही निवडलं तरी ते चूक नाही."

"किंवा काहीही निवडलं तरी ते बरोबर नाही."

"शलाका, हे भावनेचं काम नाही. खरोखर सारखं असेल तर माणसाने नाणं उडवावं. शास्त्रीयदृष्ट्या तेच योग्य."

"उडव मग. थांबव गाडी आणि उडव."

त्याने गाडी थांबवली नाही. बांद्याच्या पुढे आल्यावर म्हणाला, "माझ्याच्याने नाही होणार."

"नाणं म्हणजे कुणीच नाही ना," मी म्हटलं. "वाईट झालं तर मी नाण्याला काय म्हणू?"

तेव्हा मला कळलं की कौल कशासाठी असतो. पुढे काय होणार हे कळण्यासाठी तो कधीच नव्हता. सुलभाकाकींना काय, मला काय, माणसाला एक 'नाही' हवं असतं जे आपलं नाही. आणि ते आमच्या घराच्या भिंतीपलीकडे शेकडो वर्षं मिळत होतं. आम्हीच त्यावर दिवा लावला होता.

आबा मागच्या दारी नारळ सोलत होते. मी सरळ विषय काढला.

"आबा, पालवीसाठी कौल लावा."

"नाय." त्यांनी हात थांबवला नाही. "थंय कोण नाय गो आता."

"तुम्ही असं म्हणायचं?"

"मगे कोणी? चाळीस वर्सा मी त्या दगडाच्या छातयेवर हात ठेवलंय. माझ्या बोटांक कळायचा. कोणतरी ऐकता, ह्या बोटांक कळायचा. आता नुसतो गार दगड लागता." नारळाची सोडणं बाजूला टाकत ते म्हणाले, "तुझ्या घोवान काय खोटा केल्यान नाय. खराच सांगल्यान. पण माका इचारल्यान असता तर बरा झाला असता, की तुमका ऐकूचा असा काय म्हणान."

"मला ठरवता येत नाही, आबा. मी हो म्हटलं आणि ती गेली तर मी मारली. मी नाही म्हटलं आणि ती गेली तरी मीच. मला एवढं ओझं उचलत नाही. दिवा बंद करू. सेन्सर काढू. तुम्ही फक्त लावा. कुणी नसेल तर नसू दे. लावा."

आबांनी कोयती जमिनीत खुपसली. माझ्याकडे बघत राहिले. एखाद्या पडणाऱ्या पोराकडे बघतात तसे.

"उद्या," ते म्हणाले. "लोक जेवक गेल्यार."

हर्षदला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो हसेल. तो उठला, छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन देवळात गेला आणि गाभाऱ्यातले सगळे दाणे एकेक करून काढून खिशात घातले. चौकटीवरचा दिवा विझला. घरी येऊन म्हणाला, "उद्या ढग आहेत. वारा कसा फिरेल ते यंत्राशिवाय मलाही नाही सांगता येणार. खरंच माहीत नाही मला." त्याच्या तोंडून 'माहीत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. त्याला ते सांगताना हायसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात आम्ही चौघंच होतो. पालवीला औषधाने गुंगी होती. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, पण आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं तसे तिने डोळे उघडले. आबांचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला.

"बा देवा रवळनाथा, ह्या तुझा चेडू तुझ्या पायाकडे घेवन इलो असाव..."

"व्हय महाराजा," पालवी म्हणाली. वाक्य संपायच्या आत.

"ह्याच्या टकलेत काय वाकडा झाला असात, ता सरळ करून घी..."

"व्हय महाराजा," हर्षद म्हणाला. त्याने हात जोडले होते. डोळे मिटलेले होते. लग्नातसुद्धा त्याने डोळे मिटले नव्हते.

मी डोळे मिटले नाहीत. मला ती सवयच नाही. आई झाल्यापासून मी सतत कशाकडे तरी बघत असते, पडेल का, अडकेल का, लागेल का. म्हणून मी बघितलं. आबांनी उजवी पाकळी बुडवली, चिकटवली, अंगठा टेकवून उचलला. डावी बुडवली, चिकटवली. आणि अंगठा उचलला नाही. एक श्वास, दुसरा श्वास. नख पांढरं होईपर्यंत त्यांनी दाबून धरलं. पाकळीच्या कडेने पाण्याचा एक ओघळ खाली आला.

तराजूसारखा अंगठा.

मग ते मागे सरले आणि बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

उजवी पाकळी पडली. तिला पडायचंच होतं. हर्षदने डोळे उघडले, पाकळी बघितली आणि ओंजळीत तोंड लपवून लहान मुलासारखा रडला. आबा त्यांच्या जुन्या, भरलेल्या आवाजात म्हणाले, "देवान उजवो दिल्यान. चेडवाक घेवन जावा. ऑपरेशन करा."

त्यांनी उजवीच का निवडली, मला आजही माहीत नाही. कदाचित वीस वर्षं पोरीच्या श्वासाकडे बघत बसलेली मी त्यांना दिसली असेन. कदाचित काहीतरी निवडायचं म्हणून निवडलं असेल. एवढं मात्र मला त्या क्षणी लख्ख कळलं की गाभाऱ्यात कुणी आहे असं आबांना तिळभर जरी वाटलं असतं, तरी तो अंगठा थांबला नसता. देवासमोर त्यांनी हे केलं नसतं. त्यांनी ते रिकाम्या खोलीत केलं, माझ्यासाठी. माझं ओझं उचलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते स्वतः उचललं.

मी बोलू शकले असते. पण मला हवं ते मिळालं होतं. मी हॉस्पिटलला फोन करून हो सांगितलं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत चाललं. गुंता निघाला. पण निघताना रक्तस्राव झाला. डॉक्टर तिळवे बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या टोपीचा वळ कपाळावर उमटलेला होता. त्या म्हणाल्या, "ती आहे. पण ती कितपत परत येईल, सांगता येत नाही." मग काही आठवडे गेले आणि त्यांनी 'कितपत' हा शब्द सोडून दिला.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात हर्षदने आबांना गाठलं. माणसं ये-जा करत होती, त्याला कशाची शुद्ध नव्हती.

"सांगल्यान ना तुमच्या देवान?" तो ओरडला. "उजवो दिल्यान ना? मी हात जोडलंय होतंय तेच्यासमोर! माझ्या जन्मात पयल्यांदा जोडलंय! काय वाकडा केला होता तेचा माझ्या चेडवान? इचारा तेका! जावन इचारा!"

आबा कठड्याला टेकून उभे होते. त्यांचा उजवा हात खांद्यावरच्या पंचाखाली होता आणि पंचाच्या आत मूठ आवळलेली मला दिसत होती. मी अंगठ्याचं सांगितलं नाही. आम्हा तिघांत फक्त हर्षदकडे त्या वेळी देव होता. शिव्या द्यायला का होईना, समोर कुणीतरी होतं. ते मी त्याच्याकडून काढून घेतलं असतं तर त्याच्या हाती काय राहिलं असतं? म्हातारा बाप आणि त्याचा अंगठा. आबांनी एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बघितलं होतं हे त्यांना कळलं, की आधीपासून माहीत होतं, देव जाणे. हे 'देव जाणे' तोंडातून जात नाही अजून.

पालवी आता घरी आहे. मधल्या खोलीत, खिडकीपाशी. तिचे डोळे उघडे असतात. श्वास नीट चालतो. सकाळी मी तिला कोमट पाण्याने पुसते, तेल लावते, धुतलेला फ्रॉक घालते, केसांत फूल खोवते, नळीतून पेज देते. तिच्यापुढे बसून गावातल्या गोष्टी सांगते. दारातून कुणी बघितलं तर त्यांना काय वाटत असेल ते मला कळतं, कारण भिंतीपलीकडे आबा रोज हेच करत आले. देवळात समितीने दिवा पुन्हा लावला आहे. नवा गुरव येतो. आबांनी काम सोडलं. पालवीच्या कपाळाला अंगारा लावा असं मी त्यांना एकदा म्हटलं, तर ते तिच्या उशापासून मागे सरले आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

गेल्या रविवारी हर्षद एक पेटी घेऊन आला. त्याच्या ओळखीच्या प्रयोगशाळेने केलेली जाळी होती, डोक्यावर घालायची टोपी असते तशी, तांदळाएवढ्या दाण्यांची. बाहेरून काहीच हालचाल न करणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि आत उत्तराची काही खळबळ होते का ते ही जाळी टिपते, असं त्याने सांगितलं. चूक जवळजवळ होत नाही.

"आपल्याला कळेल, शलाका. ती आत आहे की नाही."

"आणि नाही असं निघालं तर?"

"तर निदान कळेल."

"तुला कळून मागच्या वेळी काय झालं?"

तो पेटी मांडीवर घेऊन खाली बसला. वाळलाय फार. आता तो देवाला शिव्याही देत नाही. काही महिने दिल्या, मग उत्तर येत नाही म्हणून थकला. "रोज बोलतेस तिच्याशी," तो हळूच म्हणाला. "कुणाशी बोलतेस ते माहीत करून घ्यायचं नाही तुला?"

"नाही," मी म्हटलं.

आबा दारात उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांनी पेटीकडे बघितलं, पालवीकडे बघितलं. मग ते आत आले आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले, गाभाऱ्यात बसायचे तसे. घसा खाकरला.

"बा देवा रवळनाथा," ते म्हणाले. आवाज चढला नाही. देवळाकडे त्यांची पाठ होती आणि तोंड पालवीकडे. "ह्या चेडू तुझा असा. ह्याका सांभाळून घी..."

आणि थांबले. नेहमी थांबायचे तिथेच, तेवढीच जागा सोडून.

ते उत्तर द्यायचं काम तिचं होतं. हर्षदच्या तोंडून शब्द येऊ पाहत होता, मी त्याचा दंड धरला. खिडकीतून खाडीवरचं वारं आलं, तिच्या केसांतलं फूल हललं. पूर्वी ती वाक्य संपायच्या आत म्हणायची. आता वाक्य संपून गेलं होतं.

आबा थांबलेलेच होते. हर्षदचा हात पेटीच्या खटक्यावर होता. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले.